समुद्रातील स्थळ पाहताना

बंगळूर हे शहर समुद्रापासून लांब आहे, इतकेच नव्हे, तर ते समुद्रापासून बरेच उंचही आहे. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे गाव दख्खनच्या पठारावर सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसले असून, पूर्वेचा किनारा गाठायचा म्हटला काय किंवा पश्चिमेचा म्हटला काय, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वाट तुडवावी लागते. असे असूनही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत समुद्राच्या पोटात शिरून तेथील सृष्टी डोळ्यांनी पाहून येण्याचा छंद या शहरातील तरुण मंडळींत चांगलाच रुजला आहे. त्यासाठीचे प्राथमिक धडे येथील तरणतलावांतच गिरविले जातात. पुण्या-मुंबईहून किंवा बेळगाव-धारवाडकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेमुलीही त्यांत आहेत. दिवाळी संपली, आकाश निवळले, की या मंडळींच्या तोंडी एकच प्रश्न असतो : यंदा बुडी मारायला कोठे जावे?

या प्रश्नाला एखाद्या बेटाचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते उत्तर प्रामाणिक होईल असे मला वाटत नाही. आपल्या भाषेत 'स्थळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. प्रवासाला जायचे तेही स्थळ आणि लग्नासाठी पाहायचे तेही स्थळ. लग्नाचे स्थळ पाहताना जाणती माणसे ते चांगले की वाईट एवढेच विचारीत नाहीत; ते आपल्या मुलाला किंवा मुलीला अनुरूप आहे काय, हे पाहतात. समुद्रातील स्थळाचेही तसेच आहे. एकाला जे पाणी स्वर्गासारखे वाटते, तेच दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आज मी श्रोत्यांपुढे स्थळांची यादी ठेवण्यापेक्षा ते पाहण्याची रीत ठेवणार आहे. नावे ओघाने येतीलच.

प्रथम आपल्याला कोणत्या प्रकारे जायचे आहे, हे ठरविले पाहिजे. पाण्याखालचे जग पाहण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साधा. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात स्नॉर्केल नावाची वाकडी नळी आणि पायांत रबरी वल्ही घालून पाण्यावर पालथे तरंगायचे, नळीतून वरची हवा घ्यायची आणि खाली पाहत राहायचे. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. दुसरा मार्ग स्कूबाचा. यात दाबाखाली भरलेल्या हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन माणूस तळाशी जातो आणि त्या-त्या खोलीवरील दाबाप्रमाणे हवा पुरविणारे यंत्र तोंडात धरून श्वास घेतो. झाक ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यान या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली हे यंत्र सिद्ध केले आणि तोवर पाणबुड्यांच्या जड पोशाखापुरते मर्यादित असलेले हे जग सामान्य माणसाला खुले झाले.

या दोहोंपैकी स्कूबा श्रेष्ठ आणि स्नॉर्केलिंग म्हणजे त्याची गरीब बहीण, असा एक समज आहे. तो खरा नाही. पाण्यात शिरलेल्या सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. पुढे नारिंगी जातो, पिवळा जातो आणि वीस मीटरांच्या खाली सारे काही निळसर-करडे दिसू लागते. प्रवाळांच्या बागेचे खरे रंग उथळ पाण्यातच आहेत. ते पाहण्यास नळी पुरते. म्हणून ज्याला पोहता येत नाही, ज्याला दमा आहे, कानाचा जुना विकार आहे, किंवा पाण्याची मनातून भीती वाटते, त्याने केवळ छायाचित्रापुरते नळकांडे पाठीवर बांधू नये. शांत आणि उथळ पाण्यात, अंगावर तरंगजाकीट घालून आणि शेजारी जाणता सोबती घेऊन नळीने पाहावे. त्यातही पोहणे आधी शिकून घेतले, तर उत्तम.

आता समुद्राकडे वळू. उष्ण समुद्रातील बुडीचे मुख्य आकर्षण म्हणजे प्रवाळ, आपल्या बोलीत पोवळे. पोवळे ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. तो अगदी लहान प्राण्यांचा संसार आहे. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवितात. प्रवाळांचा रंगही बहुतांशी या भाडेकरूंचाच. यावरून प्रवाळांच्या गरजा ध्यानात येतात. पाणी उबदार हवे, साधारणतः तेवीस ते एकोणतीस अंश सेल्सिअस. प्रकाश तळापर्यंत पोहोचावा म्हणून ते निवळ हवे. आणि नद्यांचा गाळ व गोडे पाणी त्यात फार मिसळता कामा नये. स्थळ पाहणाऱ्याने भूगोलाचा एवढा एक धडा पाठ केला, तर नकाशा पाहूनच त्याला निम्मी उत्तरे मिळतील.

तांबड्या समुद्राचे उदाहरण घ्या. त्याला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. त्याच्या नितळ पाण्याची कीर्ती जगभर आहे, ती काही अंशी या वाळवंटाच्या कृपेने. लक्षद्वीपची बेटेही मुख्य भूमीपासून दूर आहेत आणि त्यांच्यावर नदी नाही. बुडालेल्या ज्वालामुखी-बेटांच्या कडेने प्रवाळ वर-वर वाढत जाऊन अशी कंकणाकृती बेटे तयार होतात, असे अनुमान चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या ग्रंथात मांडले होते. कंकणाच्या आतले उथळ, शांत पाणी म्हणजे नळीवाल्यांसाठी जणू बांधून ठेवलेला तलावच होय. याउलट आपल्या कोकण-कर्नाटक किनाऱ्यावर सह्याद्रीतून धो-धो वाहणाऱ्या नद्या पावसाळ्यात डोंगराची माती समुद्रात आणून ओततात. त्यामुळे येथे खडप पुष्कळ, प्रवाळ त्या मानाने थोडे आणि पाणी बहुधा गढूळसर. हा आपल्या किनाऱ्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. आणि स्वभाव ओळखून गेले, म्हणजे निराशा पदरी येत नाही.

स्थळाइतकाच काळ महत्त्वाचा. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले, की अरबी समुद्राचे दार बंद होते. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढीत नाही. त्याचे ऐकावे, नव्हे, बुडी मारणाऱ्याने त्याहूनही थोडे अधिक थांबावे, कारण होडी चालण्याजोगा समुद्र झाला तरी गाळ खाली बसण्यास वेळ लागतो. पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मेच्या पूर्वार्धापर्यंत हंगाम मानावा. अंदमानात ऑक्टोबरपासून मेपर्यंत लोक जातात. त्यातही जानेवारी ते एप्रिल हे महिने विशेष शांत. मालदीव आणि लक्षद्वीप यांनाही हाच सुमार लागू पडतो.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. हे वाचून कोणी हसू नये. येथे तिथीचा संबंध फलज्योतिषाशी नसून चंद्राच्या आकर्षणाशी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते, प्रवाह जोराचे असतात आणि तळचा गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, त्या वेळी पाण्याची ये-जा मंद असते. नवशिक्याने भांगाचे दिवस धरावे. दिवसातली वेळ निवडावी ती सकाळची. रात्रभर जमिनीवरून वाहिलेले मतलई वारे पाणी फारसे खवळू देत नाहीत. दुपारी खारे वारे सुटले, की लाटा उठू लागतात. आपल्या किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल हे आपल्याला न विचारता सांगेल. त्याला विचारण्याची लाज मात्र वाटू नये.

आता काही स्थळांचा प्रत्यक्ष विचार करू.

मराठी माणसाला पहिल्याने मालवण आठवावे, हे साहजिक आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधण्यास प्रारंभ केला, त्याच्याच आसपासच्या खडपांवर प्रवाळ आहेत आणि मासळी विपुल आहे. या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता, हेही आपण विसरू नये. कारण ज्या पाण्यात आपण दोन घटका गंमत पाहायला उतरतो, त्या पाण्यावर कोणाची तरी चूल पेटत असते. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने स्कूबाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था चालविली आहे. मालवणचे पाणी उथळ आहे. दृष्टी थोड्याच मीटरांपर्यंत पोहोचते. पाण्याखाली प्रथमच श्वास घेऊन पाहायचा असेल, किल्लाही पाहायचा असेल आणि घरचे बुजुर्ग बरोबर असतील, तर हे स्थळ उत्तम. पाण्याच्या नितळपणाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. हंगामाच्या गर्दीत होडीत किती माणसे भरली आहेत, हे मोजूनच पाय आत टाकावा. मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांना प्राण गमवावे लागले होते. समुद्रातील अपघात बहुधा तळाशी नव्हे, तर तेथे जाता-येता घडतात.

गोव्याला मुरगाव बंदराबाहेर ग्रांदे बेट आहे. तेथील खडक आणि जुन्या जहाजाचे अवशेष पाहायला लोक जातात. पाण्याचा स्वभाव मालवणच्याच जातीचा, म्हणजे कधी प्रसन्न, कधी मळकट.

बंगळूरकराचे हक्काचे पाणी म्हणजे नेत्राणी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुरुडेश्वराच्या किनाऱ्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटर आत हे निर्जन, हृदयाकृती बेट आहे. कडे तुटलेले, वर झाडी आणि त्यावर समुद्री गरुडांची वस्ती. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने येथील पाणी चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटरांपर्यंत स्वच्छ दिसते. हेकरू, तांबोशी, पाकट आणि कासव यांची गाठ पडते. परंतु नेत्राणीला उथळ पुळण नाही. होडीवरून थेट खोल पाण्यात उतरावे लागते आणि येता-जाता लाटांवर हिंदकळावे लागते. म्हणून पोहता येणाऱ्याने येथे जावे. ज्याला होडी लागते, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी गोळी घ्यावी. आणि लहान मुलांना येथे नेऊ नये.

मुलांना न्यायचे असेल, तर लक्षद्वीप. बंगारम, कडमत किंवा अगत्ती येथील कंकणाच्या आतील पाणी इतके शांत आणि पारदर्शक असते, की सात-आठ वर्षांचे मूलही वडिलांचा हात धरून मासे पाहू शकेल. कंकणाबाहेर भिंत एकदम खोल उतरते, ती अनुभवी स्कूबावाल्यांसाठी. येथे जाण्यास परवाना लागतो, विमानांत आणि जहाजांत जागा मोजक्या असतात आणि खर्चही कमी नाही. परंतु या अडचणींनीच ती बेटे आजवर गर्दीपासून वाचविली आहेत, हेही खरे.

अंदमान हे नाव आपल्या आजोबांच्या पिढीने काळे पाणी म्हणून घेतले. त्याच पाण्याची आज निळाईबद्दल ख्याती आहे. पूर्वी हॅवलॉक म्हटल्या जाणाऱ्या बेटाला २०१८ साली स्वराज द्वीप असे नाव देण्यात आले. तेथे शिक्षणाची सोय चांगली आहे आणि नवशिक्यापासून मुरलेल्या पाणबुड्यापर्यंत प्रत्येकाला जोगे पाणी मिळते. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून-पालटून उघडी ठेवतात, म्हणजे एकावर माणसांचा राबता असताना दुसऱ्यावरील प्रवाळांना विसावा मिळतो. ही पद्धत इतरत्रही अनुकरणीय आहे. अंदमानात एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी. खाऱ्या पाण्यातील मगर तेथील खाड्यांत आणि तिवरांच्या बनांत राहते. आपण उतरणार त्या पुळणीवर तिचा वावर आहे काय, हे गावकऱ्यांना पुसल्याविना पाण्यात पाऊल टाकू नये.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मालदीवमध्ये बेटांच्या कंकणांना जेथे खिंडी आहेत, तेथे पाकट आणि मुशी यांचे थवे येतात. पण ते येतात ते जोरदार प्रवाहामुळेच. अशा ठिकाणी नवशिक्याने जाऊ नये. इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या परिसरात जगातील ज्ञात प्रवाळजातींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जाती आढळतात. ती या विषयाची काशी होय. पण काशीला जाण्यापूर्वी गावच्या देवळात घंटा वाजवायला शिकावे, हे बरे.

येथवर स्थळांचे गुण झाले. आता ज्याविषयी फारसे बोलले जात नाही, पण जे बंगळूरकराने कोरून ठेवावे, ते सांगतो. बुडी मारणाऱ्याचा धोका पाण्यातून बाहेर आल्यावर संपत नाही. तो घरी पोहोचेपर्यंत टिकतो आणि घर जितके उंच, तितका तो अधिक.

याचे कारण असे. पाण्याखाली दहा मीटर गेले, की शरीरावरील दाब दुप्पट होतो. वीस मीटरांवर तिप्पट. या वाढत्या दाबाखाली आपण जी हवा घेतो, तिच्यातील नत्रवायू रक्तात आणि मांसपेशींत विरघळू लागतो. वर येताना दाब कमी होतो आणि तो वायू पुन्हा बाहेर पडू पाहतो. सावकाश वर आले, तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आले, तर सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखे होऊन त्याचे बुडबुडे अंगात उठतात. जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली याविषयीची पहिली कोष्टके प्रसिद्ध केली. आजची कोष्टके आणि मनगटावरची गणकयंत्रे त्याच विचाराची वंशज आहेत.

परंतु वर आल्यावर सर्व नत्रवायू लगेच निघून जात नाही. त्यास कित्येक तास लागतात. त्या अवधीत माणूस आणखी उंच गेला, म्हणजे हवेचा दाब आणखी उतरला, तर उरलेल्या वायूचे बुडबुडे होण्याची भीती असते. म्हणून विमानाने परतणाऱ्यास थांबावयास सांगतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या जाणत्या संस्थेने २००२ सालच्या परिषदेनंतर जे संकेत ठरविले, त्यांप्रमाणे एकच साधी बुडी मारली असेल, तर निदान बारा तास. एकाहून अधिक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या असतील, तर निदान अठरा तास. आणि वर येताना मुद्दाम थांबे घ्यावे लागणाऱ्या खोल बुड्यांनंतर त्याहूनही पुष्कळ अधिक वेळ जमिनीवर काढावा. सामान्य माणसाने चोवीस तास हा आकडा लक्षात ठेवला, की हिशेब सोपा होतो.

बहुतेकांना एवढे ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. हे संकेत केवळ विमानासाठी नाहीत. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरांपेक्षा अधिक उंची गाठणाऱ्या कोणत्याही प्रवासास ते लागू आहेत. आणि बंगळूर तर नऊशे मीटरांवर आहे! शनिवारी-रविवारी नेत्राणीला दोन-दोन बुड्या माराव्या, रविवारी दुपारी किनाऱ्यावर यावे, मासळीचे जेवण करावे आणि सोमवारी सकाळी कचेरीत हजर होण्यासाठी संध्याकाळच्या बसने घाट चढावा, असा कार्यक्रम कित्येक तरुण आखतात. दुपारी एक-दोनला पाण्यातून निघालेला माणूस रात्री दहाच्या आत घाट चढू लागला, तर मध्ये आठ-नऊ तासच जातात. बसऐवजी रेल्वेने गेल्यासही सकलेशपूरचा घाट चढावाच लागतो. आपण विमानात बसलो नाही, तेव्हा आपल्याला नियम नाही, अशी मनाची समजूत करून घेणे हा पर्वताशी केलेला वाद होय. आणि पर्वत वाद घालीत नाही.

असे करणाऱ्या प्रत्येकास इजा होते, असे मी म्हणत नाही. बहुतेकांना होत नाही. आणि म्हणूनच सवय पडते. ज्याला होते, त्याचे सांधे दुखू लागतात, हातापायांना मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, चक्कर येते, पायांतले त्राण जाते. प्रवासाचा शीण म्हणून तो ती दुखणी अंगावर काढतो आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो. उपचार आहे : तत्काळ शुद्ध प्राणवायू आणि मग दाब-कक्षात ठेवून शरीरावरील दाब पुन्हा वाढविणे व हळूहळू उतरविणे. परंतु असे कक्ष गावोगावी नसतात. योगायोग असा, की पातळ हवेचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारी हवाई दलाची संस्था १९५७ सालापासून याच बंगळुरात आहे. ज्या शहरात हे शास्त्र शिकविले जाते, तेथील नागरिकांनी तरी त्याची उपेक्षा करू नये.

यावरून स्थळ निवडण्याचा एक नवा निकष हाती येतो : परतीच्या वाटेचा. दोनच दिवस हाताशी असतील, तर नेत्राणीला शनिवारी बुडी मारावी आणि रविवार किनाऱ्यावर, देवळात आणि खाडीकाठी घालवावा. किंवा नळीनेच समाधान मानावे, कारण पाण्यावर तरंगणाऱ्याला हा धोका नाही. स्कूबाचे चार-पाच दिवस पाहिजेत, तर रजा काढून अंदमान-लक्षद्वीपला जावे आणि शेवटचा संपूर्ण दिवस कोरडा ठेवावा. ज्याला एवढी रजा नाही, त्याला ते स्थळ या वर्षी अनुरूप नाही. लग्नाप्रमाणे येथेही योग जुळेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

बुडीला नेणाऱ्या माणसांची पारख कशी करावी? चार प्रश्न पुरेत. होडीवर शुद्ध प्राणवायूचे नळकांडे आहे काय? जवळचा दाब-कक्ष कोठे आहे आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो? एका शिक्षकामागे पाण्यात किती जण असतात? आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा : समुद्र खवळलेला असेल, तर तुम्ही फेरी रद्द करता काय? या प्रश्नांनी जो रागावेल, त्याच्याबरोबर जाऊ नये. आपणही आपली खरी प्रकृती त्याच्यापासून लपवू नये. सर्दी असताना बुडी मारली, तर कानाचा पडदा फाटू शकतो. आणि श्वास रोखून वर येणे हे तर सर्वांत घातक, कारण फुप्फुसातील हवा वर येताना प्रसरण पावते.

अखेरीस त्या प्रवाळांविषयी, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा केवळ एखादा अंश अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाले बाहेर टाकतात, पांढरे फटफटीत पडतात आणि उष्मा न ओसरल्यास उपासमारीने मरतात. १९९८ साली जगभर ही आपत्ती आली. २०१० साली आली. २०१४ ते २०१७ या काळात आली. आणि एप्रिल २०२४मध्ये चौथी जागतिक आपत्ती चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८पासून नजर ठेवली आहे. जिवंत प्रवाळांचे आच्छादन पाव शतकाच्या आत निम्म्यावर आल्याचे त्यांना आढळले. अंदमानात २००४च्या भूकंपाने तर उत्तरेकडील काही प्रवाळभित्ती उचलून पाण्याबाहेर टाकल्या. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे वर्णन वाचून स्थळ निवडणे हे जुन्या छायाचित्रावरून वधू पसंत करण्यासारखे आहे. गेल्या हंगामात जाऊन आलेल्या माणसाला विचारावे.

आणि मग असा प्रश्न कोणी करील, की प्रवाळ असे संकटात असताना आपण तेथे जावे तरी काय? माझे मत असे आहे, की जावे. परंतु पाहुण्यासारखे जावे. वल्ह्याचा एक फटका बसला, तर अनेक वर्षांची वाढ मोडते. म्हणून ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही, त्याने प्रवाळांजवळ जाऊ नये, तो सराव तलावात करावा. पोवळ्यांवर उभे राहू नये, माशांना पाव घालू नये, कासवाचा पाठलाग करू नये. मृत पोवळ्याचा तुकडासुद्धा आठवण म्हणून आणू नये. खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांना २००१ सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याचे वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. जो होडीवाला आपला नांगर प्रवाळांवर न टाकता वाळूत टाकतो किंवा बांधलेल्या तरत्या खुणेला होडी अडकवितो, त्याला चार पैसे अधिक द्यावे. आपल्या पैशाने तो टिकेल आणि त्याच्यामुळे ते पाणी टिकेल.

आपल्या विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा वीस-पंचवीस मीटर खोलीवर असून त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्याला मिळाले आहे. आंग्रिया बँक म्हणून ते नकाशांत दाखवितात. तेथे सहलीच्या होड्या जात नाहीत, आणि आज तरी जाऊ नयेत असेच मला वाटते. ज्या स्थळी आपण जायचे नाही, त्याचीही माहिती असावी, त्याचे कुशल चिंतावे. जेथे जायचे, तेथे आपली शक्ती, समुद्राचा काळ आणि परतीची वाट यांचा मेळ घालून जावे. एवढे केले, तर पठारावरचा माणूसही समुद्राचा चांगला पाहुणा होऊ शकेल आणि सुखरूप घरी येऊन पुढच्या हंगामाची वाट पाहील.